बाहेरचे

सोमवारी सकाळी सव्वानऊच्या सुमाराला जुन्या चर्चचा फादर दुकानात शिरला, खिळ्याला टोपी अडकवली आणि सरळ खुर्चीत बसला. ओतासीलियो तेव्हा वस्तरा पट्ट्यावर घासत होता. त्याचा हात थांबला नाही. आरशात त्याला एक तरुण, गोल चेहरा दिसला. गालांवर दोन दिवसांची खुरटी दाढी, गळ्याशी पांढरी पट्टी. फादर वाग्नेर. चौकातून जाता-येता शेकडो वेळा लांबून दिसलेला माणूस. "दाढी करायचीय," फादर म्हणाला. "आता चालतं ना?" आणि हसला. ते हसणं साधंच होतं. पाऊस थांबलाय, आता बाहेर पडायला हरकत नाही ना, असं विचारताना माणूस हसतो तसं. ओतासीलियो "चालतं" म्हणाला, त्याने कोरं कापड झटकून फादरच्या गळ्याभोवती बांधलं आणि वाटीत साबणाचा फेस करायला घेतला. फेस नेहमीसारखाच झाला.

बाकावर पेपर वाचत बसलेला म्हातारा गिऱ्हाईक पेपराच्या वरून बघत राहिला. पोर्तो दास गार्सासमध्ये वीस वर्षांत असं घडलं नव्हतं. या गावात दोन चर्चं होती, एकाच चौकात, समोरासमोर. जुनं, दोन मनोऱ्यांचं, पोर्तुगीजांच्या वेळचं. आणि त्याच्या समोर, पूर्वीच्या उसाच्या गुदामाच्या जागेवर लोकांनी विटा वाहून बांधलेलं चॅपेल. दोन चर्चं म्हणून दोन घंटा, दोन बेकऱ्या, दोन न्हावी. जुन्या चर्चमध्ये राहिले ते आतले. तिथले तेव्हाचे फादर बेलिझारियो बाहेर पडले तेव्हा त्यांच्या मागून निघाले ते बाहेरचे. हे नाव आतल्यांनी टोमणा म्हणून दिलं होतं, आणि बाहेरच्यांनी ते छातीवर लावून घेतलं होतं. आतल्यांच्या दाढ्या बसस्टँडजवळचा वाल्दिर करायचा. बाहेरच्यांच्या ओतासीलियो. नव्याने गावात बदलून आलेला एखादा बँकवाला चुकून खुर्चीत बसला तर बाकावरचा कोणीतरी हटकून विचारायचाच, "सेन्योर आतले की बाहेरचे?"

आणि काल रविवारी फादर बेलिझारियोंनी चॅपेलच्या वेदीच्या पायरीवरून रोमहून आलेलं पत्र वाचून दाखवलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, चष्मा दोनदा घसरला. पोपने आपल्याला जवळ घेतलं आहे. आपली जुनी मिस्सा, रविवारची ती उपासना, आपलं लॅटिन, आपले फादर, सगळं आता मान्य. आपणही त्यांना मान्य करतो. वाचता वाचता ते रडले. बायका रडल्या. मागच्या रांगेतले पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले, बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, चॅपेलची घंटा वाजली आणि मग, गावाने कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं, समोरच्या जुन्या चर्चची घंटा तिला उत्तर दिल्यासारखी वाजू लागली. ओतासीलियो उभा होता. बायको, दाल्वा, शेजारी होती. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल, छातीत, घशात, कुठेतरी. तो वाट बघत राहिला. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गालाला बोट लावलं तर ते दुसऱ्याच कोणाच्या गालाला लावल्यासारखं वाटतं, तसं काहीसं. त्याने दाल्वाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. हातातली जपमाळ पिशवीत ठेवून पिशवीची चेन लावत होती.

"माझ्या आईला काल फोनवर सांगितलं," फादर वाग्नेर डोळे मिटून म्हणाला. "ती मिनास राज्यातल्या खेड्यात असते. तिनं विचारलं, भांडण होतं कशावरून? मला नीट सांगताच येईना. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि आमच्या गावात असलं काही नव्हतं. तुम्ही सांगाल का?"

"मिस्सावरून," ओतासीलियो म्हणाला.

"लॅटिन."

"लॅटिन. आणि बाकीचं."

बाकीचं काय ते एके काळी त्याला पाठ होतं. याच दुकानात, याच आरशासमोर, हातात वस्तरा घेऊन तो ते तासन्‌तास सांगायचा. वेदी फिरवली, फादरची पाठ देवाकडे आणि तोंड माणसांकडे झालं. प्रसादाचा जो पाव जिभेवर घ्यायचा तो हातावर मागू लागले, बसच्या तिकिटासारखा. शेवटी नवा बिशप आला आणि त्याने फर्मान काढलं, आणि फादर बेलिझारियो म्हणाले, ज्या मिस्सात माझी आई मेली त्याच मिस्सात मी मरणार. मग कोर्टाचा कागद आला. इमारत बिशपची, किल्ल्या बिशपच्या. ब्याऐंशीच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी फादर बेलिझारियो वेदीवरून खाली उतरले, मधल्या वाटेने चालत दाराबाहेर गेले आणि चारशे माणसं त्यांच्या मागून गेली. फक्त पावलं. ओतासीलियोने तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला कशाचा तरी भाग समजलं होतं. उन्हात डोळे दिपले होते, एक हात दाल्वाच्या हातात आणि दुसरा लेनीराच्या. लेनीरा एकवीस वर्षांची होती. तिने हात सोडवून घेतला नव्हता, पण गुदामाशी पोचल्यावर ती हळूच म्हणाली होती, "बाबा, सेल्सो आतच राहिला." सेल्सोशी तिचं लग्न ठरत होतं.

फादरच्या गळ्याची कातडी त्याने दोन बोटांनी ताणली. त्याखाली नस उडत होती. हा इथे मान वर करून निवांत बसलाय. वीस वर्षांपूर्वी त्याच्या जागी जो फादर होता, ज्याने लेनीराचं लग्न लावलं, तो चौकातून जायला लागला की ओतासीलियो शटर अर्धं ओढून घ्यायचा. तो फादर नंतर बदलून गेला. म्हणे हृदयविकाराने गेला. चांगला होता की वाईट, ओतासीलियोला कधी कळलंच नाही. त्याने गरम टॉवेल फादरच्या तोंडावर ठेवला, आणि टॉवेलाखालून फादरचा दबलेला आवाज आला, "वाल्दिरपेक्षा तुमचा हात हलका आहे हो." बाकावरचा म्हातारा हसला. ओतासीलियोही हसला असावा. आरशात तसं दिसलं.

दुपारी दुकान बंद करून तो घरी जेवायला गेला नाही. पाय आपोआप चॅपेलच्या मागे, फादर बेलिझारियोंच्या घराकडे वळले. फादर ओसरीत बसले होते, झगा गुडघ्यांपर्यंत वर, सुजलेली पावलं मिठाच्या कोमट पाण्याच्या घमेल्यात. जानेवारीचं, इथल्या ऐन उन्हाळ्यातलं ऊन पत्र्यावर तापलं होतं. त्यांनी ओतासीलियोला बघून हात वर केला, आशीर्वाद आणि ये-बैस दोन्ही एकदमच. "काय रे, काल झोप लागली का? मला नाही लागली. आनंदानं."

"फादर, एक विचारायचं होतं."

"विचार."

"परवापर्यंत आपण काय होतो?"

"कॅथॉलिक. आपण कायमच कॅथॉलिक होतो."

"आणि ते?"

फादरनी पाण्यात बोटं हलवली. "तेही. म्हणजे चुकले होते, पण होतेच ना. रोम जर म्हणतं आहे..."

"त्यांच्या मिस्साला जाणं पाप होतं."

"धोक्याचं होतं. श्रद्धेला धोक्याचं."

"तुम्ही पाप म्हणाला होतात. ताटात विष कालवलंय, त्यातलं चांगलं वेचून खाऊ म्हणणारा मरतोच, असं म्हणाला होतात."

"हो, हे मी म्हणायचो," फादर जरा खूश होऊन म्हणाले. "बरं आठवतं तुला."

मग ओतासीलियोने सांगितलं. लेनीराचं लग्न. त्र्याऐंशीचा मे. मुलाकडचे आतले, म्हणून लग्न जुन्या चर्चमध्ये. आदल्या शनिवारी तो पापांच्या कबुलीच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसला होता आणि त्याने विचारलं होतं, बाप म्हणून तिला वेदीपर्यंत नेऊ का, नुसता हात धरून, मिस्सा ऐकणार नाही, परत फिरेन. आणि जाळीच्या पलीकडून फादर बेलिझारियोंचाच आवाज आला होता: त्या दारातून आत पाऊल टाकू नकोस. तू तिथे उभा राहिलास तर गाव म्हणेल, आतल्यांचं बरोबरच आहे. फादर ऐकताना भुवया आक्रसून समोरच्या पपईच्या झाडाकडे बघत होते, एखादं नाव आठवायचा प्रयत्न करताना बघतात तसे.

"लेनीरा कुठली? शिलाई करायची ती?"

"माझी मुलगी, फादर. एक्स-रेच्या खात्यात आहे. नितेरोयला."

"हां हां." त्यांना आठवलं नव्हतं. "मी म्हटलं असेन. त्या वर्षी खूप लग्नं झाली. प्रत्येक जण विचारायला यायचा. तेव्हा तसंच म्हणावं लागायचं, नाहीतर एकेक करून सगळे परत गेले असते. सगळे परत गेले असते तर कालचं पत्र कोणाला आलं असतं, सांग?"

"मग आज विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

फादरनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. म्हातारे, निळसर पाण्याचे डोळे. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "आज कोणाचं लग्न आहे?"

ओतासीलियोने वाकून घमेलं उचललं, गार झालेलं पाणी अंगणात ओतलं, पंच्याने त्यांची पावलं पुसली, आधी डावं, मग उजवं, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. त्याला राग आला नव्हता. राग यायला हवा होता हे त्याला कळत होतं. एखाद्या खोलीत काहीतरी आणायला जावं आणि तिथे पोचल्यावर काय आणायचं होतं तेच आठवू नये, तसा तो त्या ओसरीत उभा होता. फादरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजन नव्हतं.

परत येताना चौकात जुरांदिरने त्याला गाठलं. जुरांदिर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. चॅपेलची पहिली वीट त्याने आणि ओतासीलियोने मिळून ठेवली होती, आणि तेव्हापासून तो ती एकट्यानेच ठेवल्यासारखा वागायचा. काल पत्र वाचून होण्याआधीच तो उठून गेला होता. "म्हाताऱ्यानं विकलं आपल्याला," तो म्हणाला. "वीस वर्षं आपण गाढवासारखं ओझं वाहिलं आणि हा शेवटी रोमच्या मांडीवर जाऊन बसला. आता बघ, सहा महिन्यांत आपल्या वेदीवर गिटार वाजेल. आणि ऐकलं ते खरं का, सकाळी त्या पोऱ्या फादरची दाढी केलीस म्हणे?"

"केली."

"वस्तरा हातात होता आणि नुसती दाढीच केलीस?" जुरांदिर स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मग गंभीर झाला. "मी ठरवलंय. रविवारपासून माझ्या गॅरेजमध्ये. साओ पाउलोहून एक फादर येणार आहे, आपल्यासारखाच, न झुकलेला. अकरा घरं तयार आहेत. तू आलास तर बारा. बारा झाले की झालं, सुरुवात बारा शिष्यांनीच झाली होती."

"मग गाडी कुठे ठेवशील?" ओतासीलियोने विचारलं.

"काय?"

"गॅरेजमधली गाडी."

जुरांदिर त्याच्याकडे बघत राहिला, टिंगल चालली आहे की काय अशा नजरेने. पण ओतासीलियो टिंगल करत नव्हता. त्याच्या मनात खरोखर तेवढंच आलं होतं: निळ्या रंगाची जुनी गाडी, उन्हात, पेरूच्या झाडाखाली, टपावर पक्ष्यांची शीट. पुन्हा एकदा बाहेर पडायचं. बाहेरच्यांतून बाहेर. पुन्हा दोन घंटांच्या जागी तीन, दोन न्हाव्यांच्या जागी तीन, आणि कोणाच्या तरी मुलीचं लग्न. "बघू," तो म्हणाला, आणि जुरांदिरने रस्त्यावर थुंकून त्याच्याकडे पाठ फिरवली. बेचाळीस वर्षांची मैत्री. ती गेली असावी असं ओतासीलियोला वाटलं. पायातली चप्पल चिखलात राहून गेल्यावर दोन पावलांनी कळतं, तसं उशिरा आणि नुसतंच.

घरी दाल्वाने त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. भात, काळा घेवडा, भेंडी घातलेली कोंबडी, वर कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ. ती समोर बसून उद्याचा घेवडा निवडत होती, खडे एका बाजूला. दाल्वा त्या लग्नाला गेली होती. तिने त्याला विचारलं नव्हतं, कबुलीच्या जाळीपाशीही कोणाला विचारलं नव्हतं. सकाळी उठली, राखाडी झगा घातला, केसांना पिना लावल्या आणि म्हणाली, "मी निघते." पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच्या शेजारी चॅपेलमध्ये होती, डोक्यावर काळ्या जाळीची ओढणी, आणि त्यानंतरचे सगळे रविवारही. या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नव्हते. लेनीरा नाताळला यायची, नंतर नवऱ्याबरोबर, मग दोन मुलींना घेऊन. बापाच्या गालाला गाल लावायची, "कसे आहात बाबा," म्हणायची, गुडघेदुखीसाठी मलम आणायची. कशातच उणं काढायला जागा नव्हती. सरकारी कचेरीतली बाई चांगली निघाली तर जशी वागते तशी ती वागायची. लग्नाचा फोटो त्यांच्या घरात नव्हता. त्याने आपल्या मनानेच एक तयार करून ठेवला होता: लेनीरा पांढऱ्या झग्यात, तिचा हात दाल्वाच्या भावाच्या, अदाउतोच्या हातात. अदाउतोला सूट शोभायचा. इतक्या वर्षांत ते चित्र इतकं पक्कं झालं होतं की अदाउतोच्या कोटाच्या खिशातला रुमालसुद्धा त्याला दिसायचा.

"अदाउतो तेव्हा काय म्हणाला होता?" त्याने घास थांबवून विचारलं.

"केव्हा?"

"लग्नात. लेनीराला वेदीपर्यंत नेताना."

दाल्वाची बोटं घेवड्यात थांबली. "अदाउतोनं नाही नेलं तिला."

"मग?"

"कोणीच नाही. एकटीच गेली." ती पुन्हा निवडू लागली. "दारात थांबली होती. ऑर्गन सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. अदाउतो दोनदा मागे गेला, म्हणाला, चल पोरी, माझा हात धर. ती म्हणाली, मामा, जरा थांबा. लोक माना वळवून बघायला लागले. फादर वेदीवर उभे, काही बोलले नाहीत बिचारे. अकरा मिनिटं. समोर घड्याळ होतं म्हणून सांगते. मी उठून तिच्याकडे गेले, म्हटलं, लेनीरा, ते दुकानात आहेत, ते यायचे नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग चालायला लागली. अदाउतोनं हात पुढे केला तर म्हणाली, नको. ती वाट केवढी लांब आहे तुम्हाला माहीतच आहे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," दाल्वा म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. तिने एक खडा बाजूला काढला. "भेंडी गार झाली. गरम करून देऊ?"

त्याने नको म्हटलं आणि जेवण संपवलं, चव लागत नव्हती तरी सगळं. कारण तो दुकानात नव्हता. हे दाल्वाला माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं. कबुलीतही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण यात पाप कुठलं हेच त्याला ठरवता आलं नव्हतं. दाल्वा गेल्यावर त्याने पेटीतून सूट काढला होता, डांबरगोळ्यांचा वास येणारा, घातला, टाय बांधला, बूट पुसले, आणि दुकानाचं शटर खाली ओढून चौकाच्या कोपऱ्यावर, रानबदामाच्या झाडामागे जाऊन उभा राहिला होता. तिथून जुन्या चर्चचं दार तिरपं दिसायचं. आधी पायऱ्यांवर माणसं होती, मग ती आत गेली, मग पायऱ्या मोकळ्या झाल्या. दाराच्या आतल्या काळोखात काहीतरी पांढरं होतं. ते बराच वेळ हललं नाही. त्याला वाटलं होतं, पडदा असेल, किंवा फुलांची कमान. साठ पावलं. त्याने मोजली नव्हती, पण ते अंतर त्याच्या पायांना ठाऊक होतं. झाडाच्या बुंध्यावर लाल मुंग्यांची रांग चढत होती आणि त्यातल्या काही त्याच्या बाहीवर आल्या होत्या, आणि तो त्या एकेक करून झटकत राहिला, सावकाश, एकही मरू नये अशा बेताने. मग त्याने वर पाहिलं तेव्हा दारातलं पांढरं नाहीसं झालं होतं. तो घरी गेला, सूट काढला, घडी घातली, आणि दाल्वा परत आली तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाचे केस कापत होता.

गुरुवारी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि सकाळी सहाची बस पकडली. दाल्वाला म्हणाला, लेनीराकडे जाऊन येतो. तिने काही न विचारता डब्यात पावाचे तुकडे आणि चीज भरून दिलं, आणि मुलींसाठी पेरूचा हलवा. रस्ताभर ऊस, मग गायी, मग डोंगर, मग पेट्रोलपंपच पेट्रोलपंप. तो खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत होता. वाक्यं जमायची आणि बस वळली की विस्कटायची. नितेरोयला उतरल्यावर समुद्राचा खारट, तेलकट वास आला. त्याने दोनदा पत्ता विचारला. यापूर्वी तो इथे दोनदाच आला होता, दोन्ही वेळा दाल्वाबरोबर.

लेनीराने दार उघडलं तेव्हा ती सकाळच्या पाळीवरून नुकतीच आली असावी. अंगात पांढरा कोट होता, एकच बाही काढलेली. त्याला बघून तिचा चेहरा उतरला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग? कोण गेलं?"

"कोणी नाही. सहज आलो."

ती बाजूला झाली. घरात शांतता होती. सेल्सो समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर, चौदा दिवसांच्या पाळीला. मुली सुट्टीसाठी त्याच्या आईकडे, तीही आता गाव सोडून इकडेच राहत होती. तिने पंखा लावला, कॉफी ठेवली, आणि त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. मान थेट दाल्वाची. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. त्याने बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य त्याला सापडेना, तेव्हा त्याने रोमच्या पत्राचं सांगितलं.

"टीव्हीवर बघितलं," ती म्हणाली. "मिटलं म्हणे सगळं."

"हो."

"बरं झालं."

"जुन्या चर्चचा फादर दाढी करून घ्यायला आला होता."

"असं?" ती जराशी हसली. कॉफी उतू आली, तिने गॅस बंद केला, कपात ओतली. "हे सांगायला पाच तास बसनं आलात, बाबा?"

"नाही." त्याने कप हातात धरला. तो पोळत होता हे कळत होतं, पण हात मागे घ्यावासा वाटेना. "त्या दिवशी मी दुकानात नव्हतो. तुझ्या लग्नाच्या दिवशी. आई म्हणाली ना तुला, दुकानात आहेत म्हणून. तिला माहीत नव्हतं. मी चौकात होतो. झाडाखाली."

लेनीरा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडीवरून अननस विकत ओरडत होता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी बघितलं होतं तुम्हाला."

त्याने कप खाली ठेवला.

"तुम्ही सूट घातला होता. म्हणून तर थांबले ना मी. मला वाटलं, सूट घातलाय म्हणजे येतायत. आता येतील. फक्त चौक ओलांडायचाय." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती, रोग्याला श्वास धरा, सोडा, असं सांगत असावी तशी. "सूट घातला नसतात तर मी मामाबरोबर गेले असते, आणि मग मला काही वाटलं नसतं. बाहीवर काय झटकत होतात?"

"मुंग्या," ओतासीलियो म्हणाला.

"मुंग्या," ती म्हणाली.

त्याला रडू येईल असं वाटलं. त्याने वाट पाहिली. डोळे कोरडे राहिले, फक्त कानांत पंख्याचा आवाज मोठा झाला. "फादरनी जाऊ नको म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हे वाक्य आता कशालाच टेकत नाही, त्याच्यामागे कोणी उभं नाही. "त्यांना आता आठवत नाही."

"म्हातारे झालेत," लेनीरा म्हणाली. तिने उरलेली बाही काढली आणि कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "किती दिवस आहात?"

"उद्याची बस आहे."

"रविवारपर्यंत राहा. सोमवारी मीच बसवून देईन." मग जरा थांबून म्हणाली, "इथं जवळ तुमच्या लॅटिनची मिस्सा कुठं होत नाही हं. साधी होते, दोन गल्ल्या सोडून. मी जात नाही. आम्ही कोणीच जात नाही कुठं, लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच सुटलं. आईला सांगू नका."

"बरं," तो म्हणाला.

रविवारी तो नेहमीप्रमाणे साडेपाचला उठला. दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसला. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसत होती, वाळत घातलेले कपडे, एका गॅलरीत पिंजऱ्यातला पोपट. सातला कुठूनतरी घंटा वाजली. पोर्तो दास गार्सासमध्ये या वेळी दाल्वा डोक्याला जाळी लावून एकटीच चॅपेलच्या पायऱ्या चढत असेल. जुरांदिरच्या गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या जात असतील. फादर वाग्नेर आपल्या वेदीमागून लोकांकडे तोंड करून उभा राहत असेल. सदुसष्ट वर्षांत, कोवळ्या वयातले आजार आणि एकदा पुरात अडकला तो रविवार सोडला, तर त्याने मिस्सा चुकवली नव्हती. आता उठलं तर दोन गल्ल्या, पाच मिनिटं. जाणं पाप होतं तेव्हा तो गेला नव्हता. आता न जाणं पाप होतं. तो भीतीची वाट बघत बसला, लहानपणापासून ओळखीच्या त्या भीतीची. पोपट ओरडला. कोणीतरी वरच्या मजल्यावर नळ सोडला. सव्वासात झाले, मग साडेसात, आणि घंटा पुन्हा वाजली नाही.

आठ वाजून गेल्यावर लेनीरा डोळे चोळत बाहेर आली. तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, विंचरलेल्या केसांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"गेला नाहीत?"

"नाही."

"का?"

कोणाला तरी विचारून सांगावं असं त्याच्या मनात आलं, आणि कोणाला ते सुचेना. "माहीत नाही," तो म्हणाला.

लेनीरा थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग तिने फ्रिजमधून दूध काढलं, पातेलं गॅसवर ठेवलं आणि ओट्याला टेकून, त्याच्याकडे तोंड करून, दूध तापायची वाट बघू लागली.